स्प्रिंगमधलं काळं अस्वल : पाठीवर बिऱ्हाड घेऊन शिकार (माँटाना), अनुभव हवेत

मिझुलावासी | १२ एप्रिल

नमस्कार मंडळी. इथे ट्रेकिंगचे, मासेमारीचे धागे आहेत पण या विषयावर काही सापडलं नाही म्हणून नवीन काढतोय.

मी मूळचा वाईचा, सहा वर्षं अमेरिकेत माँटाना राज्यात, मिझुला गावात आहे. शेजारी एक आजोबा राहतात, वय ७८, आयुष्यभर इथल्या डोंगरात फिरलेत. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी एल्कचं (इथलं मोठं हरीण) मटण आणून दिलं, तेव्हापासून आमच्या घरात विकतचं मटण जवळपास बंदच झालं. दर वर्षी फुकट खायचं आणि स्वतः काहीच करायचं नाही हे मला पटेना, मग हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, रायफल शिकलो, दोन वर्षं हरणं केली.

आता १५ एप्रिलपासून काळ्या अस्वलाचा स्प्रिंग सीझन सुरू होतोय. अस्वल ओळखण्याची परीक्षा मी गेल्याच वर्षी पास झालो (ती दिल्याशिवाय इथे लायसनच मिळत नाही). पाच वेळा सकाळी जाऊन संध्याकाळी परत असं केलं, दोनच अस्वलं दिसली आणि दोन्ही नदीच्या पलीकडे. म्हणून या वेळी मी आणि ऑफिसातला एक मित्र ६ ते ९ मे बिटररूटच्या डोंगरात तीन रात्री राहणार आहोत, सगळं पाठीवर घेऊन. रस्त्यापासून साधारण सहा किलोमीटर आत.

विचारायचं असं की मेच्या पहिल्या आठवड्यात कुठल्या उंचीवर बसावं? आणि मिळालंच तर दोन माणसांनी ते खाली कसं आणायचं? पाठीवरचं वजन आत्ताच १९ किलो भरतंय. आणि खरं सांगायचं तर हरणाच्या वेळी मन जितकं स्थिर होतं तितकं अस्वलाच्या बाबतीत नाहीये. त्यावरही कुणाला बोलायचं असेल तर बोला, राग येणार नाही.

---

सोलापुरी_चादर | १२ एप्रिल

वाईचा माणूस अस्वलाच्या मागे. कृष्णामाई सांभाळो. वाचतोय.

---

कूटनीचा_काठ | १३ एप्रिल

अरे वा, या विषयावर मराठीत बोलायला मिळेल असं वाटलं नव्हतं. मी ब्रिटिश कोलंबियात, कूटनी भागात राहते, नऊ स्प्रिंग झाले मला. आमच्याकडे सीझन एप्रिलच्या सुरुवातीलाच उघडतो.

उंचीचा आकडा डोक्यात धरून बसू नकोस. आकडा दर वर्षी बदलतो, बर्फ किती पडला आणि ऊन कधी आलं त्यावर. तू बर्फाची कड बघ. वर पांढरं, खाली तपकिरी, आणि मधे जो कोवळा हिरवा पट्टा असतो ना, अस्वल तिथे असतं. पाच-सहा महिने पोटात अन्नाचा कण नाही, पाणी नाही, बाहेर आल्यावर पोट नाजूक, तेव्हा ते गाईसारखं गवत खातं. अक्षरशः गाईसारखं, मान खाली घालून तासन्‌तास. क्लोव्हर, डँडेलियन, ग्लेशियर लिली. दक्षिणेकडे किंवा नैर्ऋत्येकडे तोंड केलेले उतार आधी उघडतात, हिमकडे कोसळून मोकळे झालेले पट्टे, जुनी जळलेली राने, आणि लाकूडतोडीचे बंद पडलेले रस्ते, ज्यांच्यावर धूप होऊ नये म्हणून क्लोव्हर पेरलेलं असतं. तुझ्याकडे मेच्या सुरुवातीला हा पट्टा साडेचार ते साडेपाच हजार फुटांत असावा असा माझा अंदाज. नकाशावरून ठरवू नकोस, पोचल्यावर मान वर करून ठरव.

दुसरं म्हणजे चालू नकोस. पहिली दोन वर्षं मी नुसती चालत होते, एका दिवसात पंधरा-पंधरा किलोमीटर, आणि माझा वास माझ्याआधी पुढे पोचायचा. अस्वलाची नजर ठीकठाकच, पण नाक असं की आपण विचारही करू शकत नाही. आता मी समोरच्या धारेवर बसते, दहा बाय बेचाळीसची दुर्बीण ट्रायपॉडवर लावते आणि समोरचा उतार कांदा सोलावा तसा पदर न्‌ पदर बघते. ट्रायपॉड घरी ठेवून वजन वाचवायचा मोह होईल, तो टाळ. हातात धरलेल्या दुर्बिणीतून दोन किलोमीटरवरचा जळका ओंडका आणि अस्वल सारखंच दिसतं. स्थिर दुर्बिणीत ओंडका ओंडकाच राहतो.

सकाळी उशिरा उठलास तरी चालेल, हे काही हरीण नाही. दुपारी चारनंतर अंधार पडेपर्यंत मात्र जागचं हलायचं नाही.

खाली आणण्याबद्दल संध्याकाळी लिहिते, मुलीला स्विमिंगला सोडायचंय.

---

मोहाचं_झाड | १३ एप्रिल

धागाकर्त्याने राग येणार नाही म्हटलंय म्हणून लिहितो.

मी चंद्रपूरचा. आमच्याकडचं अस्वल वेगळं हे मला माहीत आहे, वाळवी खाणारं, लांब केसांचं. पण मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला बाया जातात तेव्हा त्याच झाडाखाली अस्वलही येतं, मग मे महिन्यात तेंदूपत्ता, तेव्हाही तेच. मामाच्या गावात एका माणसाचा अर्धा चेहरा अस्वलाने नेलाय, डोळा गेला. तो माणूस आजही रानात जातो आणि अस्वलाबद्दल वाईट बोलत नाही, म्हणतो ते त्याच्या पोटासाठी आलं होतं, मी माझ्या. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडे शिकार बंद आहे आणि मला ते मनापासून योग्य वाटतं.

माझा प्रश्न शिकारीवर सरसकट नाही, स्प्रिंगवर आहे. सहा महिने उपाशी झोपून नुकतंच बाहेर आलेलं जनावर, त्याच वेळी माद्या पिल्लं घेऊन बाहेर येतात. त्याच काळात मारायचं? शरदात का नाही?

---

ठाण्याची_उमा | १३ एप्रिल

मोहाचं_झाड +१. हाच प्रश्न पडला होता.

---

रानभूल | १४ एप्रिल

मी आयडाहोत वन्यजीवशास्त्र शिकतोय त्यामुळे या प्रश्नावर थोडं लांबण लावतो, माफ करा.

आक्षेप हलका नाहीये. काळ्या अस्वलांची वाढ फार सावकाश होते. रॉकीजमध्ये (इकडची मोठी डोंगररांग) मादी चार-पाच-सहा वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा विते, पुढची वीण दोन वर्षांनी, अन्न कमी असेल तर त्याहून उशिरा. म्हणजे प्रौढ माद्या जास्त मेल्या तर संख्या भरून यायला फार वेळ लागतो. सगळं गणित माद्यांवर आहे.

आता स्प्रिंगची गंमत अशी की गुहेतून आधी मोठे नर बाहेर येतात, आणि सगळ्यात शेवटी त्या वर्षीची पिल्लं असलेल्या माद्या. पिल्लं जानेवारी-फेब्रुवारीत गुहेतच जन्मतात, बाहेर येतात तेव्हा मांजराहून थोडी मोठी, त्यामुळे आई गुहेजवळच घुटमळते. म्हणून हंगामाच्या पहिल्या भागात उघड्यावर चरणाऱ्यांत नर जास्त असतात. शरदात हे उलटही होऊ शकतं. पिल्लांसोबतची मादी मारणं माँटानात आणि आयडाहोत बेकायदा आहे.

पण.. आई पिल्लांना झाडावर चढवून एकटी चरायला खाली येते, हे खरं आहे. दुर्बिणीत एकटं दिसलं म्हणजे ते एकटंच आहे असं नाही. म्हणून मोहाचं_झाड यांचा प्रश्न कायद्याने पूर्ण सुटत नाही, तो बघणाऱ्या माणसाच्या धीरावर येऊन थांबतो. याच मुद्द्यावर लोकांनी वेगवेगळे निर्णय घेतलेत. कोलोरॅडोत १९९२ साली मतदारांनीच स्प्रिंगची शिकार बंद केली, सोबत आमिष आणि कुत्रीही. वॉशिंग्टन राज्यात नोव्हेंबर २०२२मध्ये तिथल्या वन्यजीव आयोगाने हौशी स्प्रिंग शिकार थांबवली. ओंटारिओने १९९९ला बंद केली आणि २०१४पासून टप्प्याटप्प्याने परत आणली. म्हणजे शहाणी माणसं दोन्ही बाजूंना आहेत.

अजून एक आवडती गोष्ट सांगतो. मीलन मेअखेर ते जुलै, पण गर्भ लगेच रुजतच नाही, तसाच थांबून राहतो. नोव्हेंबरच्या आसपास मादीच्या अंगावर पुरेशी चरबी असेल तरच रुजतो, नाहीतर शरीर त्याला सोडून देतं.

---

सोलापुरी_चादर | १४ एप्रिल

जूनमध्ये पसंती आणि नोव्हेंबरमध्ये होकार. आमच्या आत्याच्या लग्नाची बोलणी अगदी अश्शीच चालली होती.

---

आप्पा_वेंगुर्लेकर | १४ एप्रिल

रानभूल, छान समजावलेत.

मी ७४ वर्षांचा. लहानपणी आमच्या आळीत दरवेशी अस्वल घेऊन यायचा. डमरू वाजवायचा आणि ते बिचारं नाकातल्या दोरीच्या ओढीवर मागच्या पायांवर उभं राहायचं. आजीने चार आणे देऊन त्याचा एक केस घेतला आणि ताईतात घालून माझ्या गळ्यात बांधला, मूल दचकू नये म्हणून. मी मात्र त्याच्या नाकाचं भोक बघून रात्रभर दचकत होतो. २००९मध्ये शेवटचं नाचवलं जाणारं अस्वल सोडवलं असं वाचलं तेव्हा हायसं वाटलं.

शिकारीचं मला काही कळत नाही. पण दोरी बांधून पंचवीस वर्षं नाचवणं आणि मोकळ्या डोंगरात एका गोळीने मरणं, यात जनावराला विचारलं तर ते काय सांगेल याचा विचार करतोय.

---

मोहाचं_झाड | १४ एप्रिल

आप्पा, ते तिसरंच सांगेल. दोन्ही नको म्हणेल.

रानभूल, धन्यवाद. नर आधी बाहेर येतात हे माहीत नव्हतं. माझं मत बदललं नाही पण प्रश्न बदलला.

---

कूटनीचा_काठ | १४ एप्रिल

काल राहिलेलं. रॉकीजमधला स्प्रिंगचा नर शंभर-सव्वाशे किलोचा म्हणू. हाडं काढून नुसतं मांस तीस-पस्तीस किलो निघेल, शरदात जास्त भरतं. कातडं आणि कवटी वेगळी, ओलं कातडं फसवतं, पंधरा-वीस किलो सहज. आतडी न काढता एकेक बाजू सोलून मांडी, खांदा, पाठीची पट्टी मोकळी करायची पद्धत शिकून जा, व्हिडिओ बघून नाही, शेजारच्या आजोबांकडून. दोघांना दोन फेऱ्या धरून चाल. आमच्या प्रांतात काळ्या अस्वलाचं खाण्याजोगं मांस रानातून बाहेर आणणं बंधनकारक आहे, आणि मला वाटतं कायदा नसता तरी तसंच करायला हवं. कातडं घेऊन मांस टाकून येणाऱ्याबरोबर मी डोंगरात जात नाही.

सोलल्यावर लगेच सावलीत टांग, हवा लागू दे. अस्वलाचं कातडं जाड, आतली उष्णता तासन्‌तास जात नाही, मांस खराब होतं ते त्यानेच. मग लोक म्हणतात अस्वल वास मारतं.

---

डेन्व्हरचा_डबा | १५ एप्रिल

थोडं अवांतर. मी एच-१बीवर आहे. माझा रूममेट म्हणतो की आपल्याला बंदुकीला हात लावणंही गुन्हा. खरंय का? कोलोरॅडोत स्प्रिंग नाही हे वर कळलंच, पण शरदात जायची इच्छा आहे.

---

मिझुलावासी | १५ एप्रिल

डबा, रूममेट अर्धा बरोबर आहे. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला संघराज्याच्या कायद्यात मनाई आहे, पण त्यात एक अपवाद लिहिलेला आहे, कुठल्याही राज्याचं चालू शिकार लायसन तुमच्याकडे असेल तर. लायसन संपलं की अपवादही संपला, आणि तोवर बंदूक घरात असेल तर पंचाईत. मी ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबलो, मला ती धाकधूक नको होती. तू वकिलाला विचारल्याशिवाय काहीही करू नकोस, इथे चूक झाली तर व्हिसावर येते.

---

कूटनीचा_काठ | १५ एप्रिल

कॅनडात येणाऱ्यांसाठी : आधी बंदूक-सुरक्षेचा कोर्स, मग पीएएल (बंदूक बाळगायचा परवाना), मग प्रांताचा शिकारीचा कोर्स. बाहेरून पाहुणे आलात तर मोठ्या जनावरांसाठी सहसा नोंदणीकृत गाइड लागतो. आणि ग्रिझलीची (काळ्याहून मोठं, तपकिरी अस्वल) शिकार आमच्याकडे डिसेंबर २०१७पासून बंद.

---

ट्रेकडी | १६ एप्रिल

शिकारीतलं शून्य कळतं मला, पण मेमधल्या बर्फातलं कळतं (हिमाचल-उत्तराखंड मिळून अकरा ट्रेक) म्हणून एवढंच लिहिते, वाचाच.

स्प्रिंगचा बर्फ सकाळी दगड आणि दुपारी शिरा. सकाळी सातला ज्यावरून बूट वाजवत गेलात, त्यावरच दोनला कंबरेपर्यंत जाल, आणि पाठीवर वीस किलो असताना गुडघा पिरगळला तर सहा किलोमीटर म्हणजे सहाशे किलोमीटर होतात. गेटर्स (बुटावरून पोटरीपर्यंत बांधायचं आवरण) घ्या. दुपारी तीव्र उताराखाली बर्फ साठलेला असेल तिथून आडवं जाऊ नका, ओला बर्फ घसरून येतो.

आणि ओढे!! बर्फ दिवसभर वितळतो, ते पाणी संध्याकाळी खाली पोचतं. सकाळी सहाला गुडघ्याएवढा ओढा संध्याकाळी मांडीच्या वर असतो आणि धार वेगळीच असते. ओलांडायचा तर पहाटेच. सॅकचा कंबरपट्टा सोडून, दोन काठ्या टेकत, तोंड प्रवाहाकडे. तुम्ही जनावर दुपारी घेऊन येणार असाल तर आधीच ठरवून ठेवा की ओढ्याच्या कुठल्या बाजूला रात्र काढायची.

---

ठाण्याची_उमा | १६ एप्रिल

जेवायला काय नेता हो तिकडे? भडंग, मेतकूट-भात वगैरे?

---

मिझुलावासी | १६ एप्रिल

उमाताई, शेंगदाण्याचे लाडू, तिखटमिठाच्या पुऱ्या, दडप्या पोह्यांचा सुका मसाला, आणि बायकोने करून दिलेली लसणाची चटणी. मित्राचं सगळं पाकिटातलं असतं, पण दुसऱ्या दिवशीपासून तो माझ्या डब्याकडे सरकतो.

---

सोलापुरी_चादर | १६ एप्रिल

लसणाची चटणी घेऊन अस्वलाच्या राज्यात. तुम्ही त्याला शोधायला नको, तेच भाकरी घेऊन येईल.

---

रानभूल | १६ एप्रिल

चादर यांनी गंमत केली पण मुद्दा खरा आहे. अन्न, टूथपेस्ट, कचरा सगळं तंबूपासून शंभर पावलं लांब, जमिनीपासून दहा फूट वर आणि खोडापासून चार फूट लांब टांगायचं. बऱ्याच नॅशनल फॉरेस्टमध्ये हा नियमच आहे. मांस मिळालं तर त्यालाही तेच लागू. बेअर स्प्रे (अस्वल अंगावर आलं तर मारायचा तिखट फवारा) छातीवर किंवा कंबरेला, सॅकच्या आत नाही.

मिझुलावासी, बिटररूटमध्ये ग्रिझली अगदी क्वचित भटकत येतात, पण येतात. उत्तरेला ग्लेशियर-बॉब मार्शलच्या पट्ट्यात हजाराच्या आसपास आहेत आणि पसरतायत. १९७५पासून संरक्षित, चुकून मारली तरी गुन्हा. रंगावर मुळीच जाऊ नका. तुमच्याकडची निम्मी काळी अस्वलं काळी नसतातच, दालचिनी, तपकिरी, अगदी पिवळट. ग्रिझलीच्या खुणा म्हणजे खांद्यावरचा उंचवटा, चेहऱ्याची खोलगट रेघ, कानांची ठेवण, पुढच्या पंजाची लांब नखं. यातलं एकच दिसलं म्हणून ठरवायचं नाही, सगळं जुळलं पाहिजे.

---

आयडाहोचा_अण्णा | १७ एप्रिल

एवढी उठाठेव कशाला? आमच्याकडे बऱ्याच भागांत आमिष चालतं. खाणं भरून पिंप ठेवा, वीस मीटरवर बसा, नर की मादी, पिल्लं आहेत की नाहीत सगळं आरामात दिसतं. तुम्हा दुर्बीणवाल्यांपेक्षा आमच्या हातून चूक कमी होते. पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणं म्हणजेच शुद्ध शिकार असं जे बोलतात ना ते मला पटत नाही.

---

कूटनीचा_काठ | १७ एप्रिल

अण्णा, जवळून नीट दिसतं हे मान्य. दाट जंगलात, जिथे उघडे उतारच नाहीत, तिथे दुसरा मार्गही नसेल. पण पिंपावर आलेलं अस्वल माणसाच्या अन्नाला चटावलेलं असतं, आणि मला त्याला त्याच्या घरात, त्याचं जेवण जेवताना बघायचं असतं. माँटानात आमिष बेकायदाच आहे त्यामुळे धागाकर्त्याला तो पर्याय नाही.

---

आयडाहोचा_अण्णा | १७ एप्रिल

चालेल ताई. पण तुमच्या "जेवताना बघायचं" मध्ये शेवटी गोळी आहेच ना. दोघांची सारखीच.

---

कूटनीचा_काठ | १८ एप्रिल

हो आहे. ते मी कधी नाकारत नाही.

---

आप्पा_वेंगुर्लेकर | १८ एप्रिल

टेडी बेअरचं नाव यातूनच आलं ना? १९०२मध्ये मिसिसिपीत कुणीतरी अस्वल झाडाला बांधून अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्टसाहेबांना म्हणाले मारा, आणि त्यांनी नाही म्हटलं. नातवाला ती गोष्ट सांगतो मी.

---

रानभूल | १८ एप्रिल

बरोबर आप्पा. त्यातला पुढचा भाग नातवाला सांगू नका. ते अस्वल कुत्र्यांशी झुंजून फार जखमी होतं, त्यामुळे रूझवेल्ट यांनी दुसऱ्यांना त्याची सुटका करायला सांगितलं, सुरीने.

---

आप्पा_वेंगुर्लेकर | १८ एप्रिल

अरेरे. नाही सांगत.

---

ठाण्याची_उमा | ३ मे

मिझुलावासी, शुभेच्छा. धागा वर काढतेय.

---

मिझुलावासी | १४ मे

आलो मंडळी. उशीर झाला कारण आठवडाभर स्वयंपाकघर आणि गॅरेज हेच चालू होतं. सगळं लिहितो.

६ तारखेला निघालो तेव्हा पाऊस, वर पोचेपर्यंत त्याचा बर्फ. ४८०० फुटांवर तंबू लावला. ओढा ओलांडूनच आत जावं लागलं, सकाळी सातला, गुडघाभर. पहिले दोन दिवस ढगच खाली उतरले होते, समोरचा उतार दहा मिनिटं दिसायचा आणि परत जायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी एक काळी मादी दिसली, मागे दोन गेल्या वर्षीची पिल्लं, गाढवाच्या शिंगरांसारखी लांब पायांची. चाळीस मिनिटं बघितलं त्यांना. एकदा तिने एक ओंडका उलटला तर दोघंही त्यात डोकं घालून मागची बाजू वर करून उभी.

८ तारखेला ऊन पडलं. पावणेसातला, संध्याकाळी, हिमकड्याच्या पट्ट्यात अगदी बर्फाच्या कडेला (कूटनीताई, अगदी तुम्ही सांगितलंत तसं, ५३०० फुटांच्या आसपास) दालचिनी रंगाचं एक अस्वल चरताना सापडलं. अंतर दीड किलोमीटर. मित्र म्हणाला चल. मी म्हटलं अर्धा तास बघू या. खांद्यावर उंचवटा नाही, नाक-कपाळ सरळ रेषेत, कान उभे. आजूबाजूच्या प्रत्येक झाडाच्या प्रत्येक फांदीवर पिल्लू शोधलं. रानभूल, तुमचं "एकटं दिसलं म्हणजे एकटंच आहे असं नाही" डोक्यात घुमत होतं. मग जवळ जायला पाऊण तास लागला, कारण वारा अजून उताराने वर चढत होता आणि आम्हाला लांबून फिरून वरच्या अंगाला, आडवं यावं लागलं. १८० मीटरवर बसलो आणि परत वीस मिनिटं नुसतं बघितलं. मान रुंद, डोकं मोठं, कान त्यामुळे लहान वाटणारे. नर होता.

त्याने पुढचा पाय पुढे टाकेपर्यंत थांबलो. एक गोळी. तीस-एक मीटर खाली धावला आणि पडला. मित्राने खांद्यावर हात ठेवला तेव्हा कळलं की मी थरथरतोय.

जवळ गेलो तेव्हा नऊ वाजायला आले होते. तोंडात गवत होतं, अर्धं चावलेलं. मी खाली बसून त्याच्या अंगावर हात ठेवला, आणि काय बोललो ते इथे लिहीत नाही.

सोलायला रात्रीचा एक वाजला, डोक्यावरच्या टॉर्चच्या उजेडात. आजोबांनी आधीच सांगितलं होतं की सोललेला पुढचा पंजा माणसाच्या हातासारखा दिसतो, तेव्हा त्याच्याकडे बघत बसू नकोस. मी बघितलं. सांगूनही काही उपयोग झाला नाही. हरणाच्या वेळी असं झालं नव्हतं, आणि पहिल्या पोस्टमध्ये जे अडखळणं लिहिलं होतं ते गेलेलं नाही, उलट त्याला आता आकार आलाय.

मांस ३१ किलो, कातडं-कवटी १६. ट्रेकडीताई, तुमच्यामुळे निभावलं. मांस ओढ्यापासून जरा वर, सावलीतल्या बर्फाजवळ टांगलं, चार तास झोपलो, सहाला पहिली फेरी घेऊन ओढा ओलांडला, गुडघाभर. गाडीत ठेवून परत येईपर्यंत दीड वाजला, आणि तोच ओढा मांडीच्या वर, पाण्याखाली दगड गडगडल्याचा आवाज. मित्र म्हणाला, जाऊ, दोनच मिनिटांचं काम आहे. मी नाही म्हटलं. तंबू, स्टोव्ह सगळं पलीकडे. अलीकडच्या काठावर झाडाखाली प्लास्टिक अंथरून पुऱ्या आणि चटणी खाऊन रात्र काढली, हाडं गोठली, पण पहाटे साडेपाचला पाणी उतरलं होतं. १० तारखेला घरी, म्हणजे एक दिवस जास्त. बायकोला सॅटेलाइटवरून निरोप दिला होता.

४८ तासांत नोंदवायचं ते नोंदवलं, कातडं-कवटी वन्यजीव खात्याकडे दाखवून आलो. वय काढायला एक छोटा दात काढून घेतात, उत्तर बऱ्याच महिन्यांनी येतं.

---

ट्रेकडी | १४ मे

त्या ओढ्याला नाही म्हटलंत ना, बास. माझं सगळं भरून पावलं.

---

सोलापुरी_चादर | १४ मे

सलग वाचलं. आज विनोद नाही सुचत.

---

रानभूल | १५ मे

एक महत्त्वाचं, जेवणाआधी वाचा. अस्वलाच्या मांसात ट्रिकिनेला नावाचे जंत असू शकतात आणि उत्तरेकडच्या जाती फ्रीजरमध्ये मरत नाहीत. २०२२मध्ये साउथ डकोटात एका कुटुंबाने दीड महिना गोठवलेल्या अस्वलाचे कबाब केले, आतून कच्चट राहिले, सहा जण आजारी. त्यातल्या दोघांनी तर फक्त सोबत शिजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. त्यानंतरच्या अहवालात आतलं तापमान १६५ फॅरनहाइट म्हणजे ७४ सेल्सिअस सांगितलंय. थर्मामीटर खुपसूनच बघा. आणि कच्चं मांस कापलेली पाटी-सुरी कोशिंबिरीला वापरू नका.

---

ठाण्याची_उमा | १५ मे

मटण केलंत कसं पण?

---

मिझुलावासी | १५ मे

उमाताई, आईने फोनवर सांगितलं तसं. तिला आधी सांगितलं नव्हतं कसलं मटण ते. कळल्यावर दोन मिनिटं गप्प, मग म्हणाली कुकरला पाच शिट्ट्या जास्त घे. आलं-लसूण-हळद लावून रात्रभर, मग कुकरमध्ये पूर्ण शिजवून घेतलं, आणि नंतर काळ्या मसाल्यात, भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याच्या वाटणात रस्सा. रानभूल, मोजलं, १९० फॅरनहाइट. चव बीफ आणि डुकराच्या मधली, किंचित गोडसर. मुलीने दोनदा घेतलं. भाकरी बाजरीची, पीठ सिअ‍ॅटलहून मागवतो.

---

मोहाचं_झाड | १६ मे

सगळं वाचलं. मी केलं नसतं, आणि अजूनही वाटतं की स्प्रिंग बंद ठेवणाऱ्या राज्यांचं बरोबर आहे. पण झाडाझाडावर पिल्लू शोधलंत ते वाचून बरं वाटलं. तोंडातल्या गवताचं लिहिलं नसतं तरी चाललं असतं, पण लिहिलंत.

दाताचं उत्तर आलं की इथे सांगा. किती वर्षांचा होता ते मला माहीत करून घ्यायचंय.

---

मिझुलावासी | १६ मे

नक्की सांगेन भाऊ. त्यासाठीच धागा उघडा ठेवतो.

काल आजोबांकडे डबा घेऊन गेलो. त्यांचे गुडघे गेलेत, चार वर्षांत वर गेलेले नाहीत. जुना नकाशा काढला आणि म्हणाले कुठे ते बोट ठेव. ठेवलं. तो पट्टा त्यांना माहीत होता, त्याच्या खालचा झराही. मग तासभर नकाशावर पुढच्या वर्षी कुठल्या धारेवर बसायचं तेच चाललं होतं. रश्शाने नाक गळायला लागलं तरी थांबले नाहीत.

---

कूटनीचा_काठ | १६ मे

शाब्बास रे. एकच विचारते, चरबी फेकली नाहीस ना?

---

मिझुलावासी | १७ मे

नाही ताई. स्प्रिंगचा नर, फार नव्हतीच, तरी मंद आचेवर कढवून दोन छोट्या बरण्या निघाल्या. एक आजोबांना दिली. दुसरीतली आत्ता बुटांना चोळतोय.